दुर्बिणीचे पाय

२०२३ची कोजागिरी २८ ऑक्टोबरला आली आणि त्याच रात्री खंडग्रास चंद्रग्रहणही होतं. ग्रहणामुळे सोसायटीतल्या बहुतेकांनी दूध लवकर उरकून घेतलं आणि गच्चीवर माझ्या दुर्बिणीपाशी रांग लागली. ग्रहणाचा स्पर्श रात्री एक वाजून पाच मिनिटांनी होणार होता. तोवर चंद्राच्या शेजारीच झळकणारा गुरू सगळ्यांना दाखवावा, असं मी ठरवलं होतं.

रांगेत पहिल्या मजल्यावरचे आजोबा होते. वय ब्याऐंशी. थांबत थांबत जिने चढून वर आले होते. डोळा लावायला वाकले तेव्हा तोल सावरण्यासाठी त्यांनी आयपीसपाशी, म्हणजे डोळा लावायच्या भिंगापाशी, हात टेकला. गुरू थरथरायला लागला, तो थांबेचना, कारण हात तिथेच होता आणि हाताला वयाचा कंप होता. मिनिटभर त्यांनी प्रयत्न केला. मग सरळ उभे राहत म्हणाले, "छान दिसला हो. सुंदर." मी त्यांच्यानंतर लगेच डोळा लावला. एक पांढरी रेघ वरखाली हलत होती, आणि ती शांत होऊन तिचा गोल व्हायला मला बराच वेळ थांबावं लागलं. आजोबांना काहीही दिसलं नव्हतं. माझं मन राखायला ते तसं म्हणाले होते.

रांगेतली मुलं मात्र खरं बोलली. "काकू, गुरू नाचतोय!"

त्या रात्री ग्रहण लागलं, चंद्राची एक कड काळवंडली, अडीचच्या आत सुटलंही. माझं लक्ष मात्र दुर्बिणीखालच्या तीन पायांकडे होतं. आरशावर, आयपीसवर, मोटरवर मी वर्षभर वाचलं होतं, पैसे साठवून एकेक वस्तू घेतली होती. पायांचा विचार कधी केलाच नव्हता.

सामान काय आहे ते आधी सांगते. नळी आठ इंची श्मिट-कॅसेग्रेन, म्हणजे आरसा आणि भिंग दोन्ही असलेली, नाभीय अंतर २०३२ मिलिमीटर, वजन पावणेसहा किलोच्या आसपास. माउंट, म्हणजे नळी पेलून फिरवणारा भाग, जर्मन इक्वेटोरियल पद्धतीचा, नुसतं डोकंच दहा किलोचं. नळीच्या विरुद्ध बाजूच्या दांड्यावर लावायची समतोलाची वजनं साडेसात किलो. फाइंडर (लक्ष्य शोधायची छोटी दुर्बीण), डायगोनल (प्रकाश आयपीसकडे वळवणारा आरसा), आयपीस हे सगळं धरून पायांवर पंचवीस किलो भार येतो. माउंट मी जुना घेतला होता आणि विकणाऱ्याने त्याच्यासोबत दिलेला ॲल्युमिनिअमचा ट्रायपॉड मुळात याहून हलक्या माउंटसाठी बनवलेला होता. हे मला तेव्हा कळलं नाही. बोल्ट बसला, डोकं उभं राहिलं, म्हणजे झालं असं वाटलं होतं.

१० मिलिमीटरचा आयपीस लावला की ही दुर्बीण दोनशेपट मोठं दाखवते. मग थरथरही दोनशेपट मोठी होते. एका कलेचा हेलकावा, म्हणजे अंशाचा साठावा भाग, डोळ्याला तीन अंशांहून मोठा वाटतो. गुरूचं बिंब त्या दिवसांत पन्नास विकलांच्या जवळपास होतं. साठ विकलांची एक कला, म्हणजे एक कलासुद्धा नाही. ज्या वस्तूकडे बघायचं तिच्या रुंदीपेक्षा हेलकावा मोठा असेल तर डोळ्याला काय लागणार?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मोजायला बसले. गुरू दृष्टिक्षेत्राच्या मधोमध आणायचा, नळीच्या मागच्या टोकाला बोटाने टिचकी मारायची आणि चित्र स्थिर होईपर्यंत किती सेकंद लागतात ते बघायचं. माझ्या मुलीने मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं. दहा वेळा टिचकी मारली. सात सेकंद, साडेसहा, सात, आठ. सरासरी सातच्या आसपास. एक-दोन सेकंदांत थांबलं तर उत्तम, तीनपर्यंत चालवून घेता येतं, पाचाच्या पुढे गेलं की फोकससुद्धा नीट करता येत नाही. नॉब फिरवला की चित्र हलतं, ते थांबेपर्यंत वाट बघायची, तोवर आधीचं कसं दिसत होतं ते विसरायला होतं. सातचा आकडा मी वहीत लिहिला आणि मग दिवसाच्या उजेडात ट्रायपॉड मोकळा करून समोर घेतला.

मला वाटत होतं की पाय वाकत असतील. पाय तसे बरे होते. दोन्ही हातांनी वरचं डोकं धरून मी ते उभ्या अक्षाभोवती पिळून बघितलं, घट्ट बसलेल्या डब्याचं झाकण उघडताना पिळतो तसं. जमिनीवर पाय जागचे हलले नाहीत, पण डोकं मात्र चांगलं जाणवण्याइतकं फिरलं आणि सोडल्यावर परत आलं. मग एकेका सांध्यावर बोट ठेवून पुन्हा पिळलं. पाय जिथे डोक्याला जोडलेला असतो तिथे एक आडवा बोल्ट, त्याच्या दोन्ही बाजूंना ओतीव कान आणि मध्ये प्लॅस्टिकची बुशी, म्हणजे बोल्टभोवतीची छोटी नळी. ती बुशी एका बाजूने झिजून लंबगोल झाली होती. पिळलं की बोल्ट त्या लंबगोलात इकडून तिकडे सरकायचा. केसभर, पण माझ्या बोटाला स्पष्ट लागत होता. तिन्ही पायांचं तेच.

ट्रायपॉडचा कमकुवतपणा बहुतेक वेळा तिथेच असतो, हे मला नंतर पुष्कळ ट्रायपॉड हाताळल्यावर पटलं. खाली दाबून आपण मजबुती बघतो. दुकानदारही वरून दाबून दाखवतो. उभा भार कोणतेही तीन पाय सहज पेलतात. दुर्बीण मात्र बाजूला बाहेर आलेली असते, वाऱ्याची झुळूक तिला आडवी लागते आणि मग सगळा ताण पिळण्याचा येतो. म्हणून आता कुणी ट्रायपॉड घ्यायला निघालं तर मी सांगते, डोकं दोन हातांनी पिळून बघा.

बुशी मी बदलल्या. लेथवर पितळेच्या करून घेतल्या, दोनशे रुपयांत. बोल्ट इतके आवळले की पाय उघडायला जोर लागायला लागला. मधला प्लॅस्टिकचा ट्रे काढून तिथे जाड प्लायवूडचा त्रिकोण बसवला, तो तिन्ही पायांना आतून दाबून धरतो. आणि पाय लांब करणं बंद केलं. एका टोकाला घट्ट धरलेली नळी दीडपट लांब केली की तेवढ्याच जोराला ती सव्वातीनपटीहून जास्त वाकते, कारण वाकणं लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. त्यात सरकत्या पायाचा आतला भाग बारीक असतो, म्हणजे नुकसान दुहेरी. पाय पूर्ण आत ढकलले आणि मी खुर्ची सोडून पाटावर बसायला लागले. कंबर अवघडते, पण चित्र थांबतं.

मधल्या हुकाला पाण्याचा दहा लिटरचा कॅन टांगण्याचाही सल्ला मिळाला होता. तो टांगल्यावर स्वतःच झोके घ्यायला लागला. मग दोरी इतकी सोडली की कॅनचा तळ जमिनीला जेमतेम टेकेल, तेव्हा कुठे उपयोग झाला. एवढं सगळं करून सातचे चार झाले. चार सेकंद वाईट नाहीत. आजोबांच्या हाताला मात्र ते पुरले नसते.

याच दिवसांत आणखी एक गोष्ट लक्षात आली, आणि ती आपल्या अक्षांशाची आहे. पुण्यात ध्रुवतारा क्षितिजापासून फक्त साडेअठरा अंश वर. माउंटचा ध्रुवाक्ष, म्हणजे ज्याभोवती दुर्बीण ताऱ्यांच्या मागे फिरते तो अक्ष, त्याच्याकडे रोखायचा म्हणजे तो जवळजवळ आडवा होतो. अक्ष आडवा झाला की वजनांचा दांडा जवळजवळ सरळ खाली लोंबतो, किंचित उत्तरेकडे झुकून. आणि ट्रायपॉडचा एक पाय नेमका उत्तरेला असतो, कारण माउंट बसवायची खुंटी त्याच पायावर केलेली असते. युरोपात, जिथे ध्रुव पन्नास अंशांवर असतो, तिथे दांडा पुढे तिरका राहतो आणि पायापासून लांबून जातो. आपल्याकडे तो पायावर येतो. एका रात्री मोटरने दुर्बीण फिरवत असताना खालून ठक् असा आवाज आला, मोटर कण्हायला लागली आणि मी धावत जाऊन बटण बंद केलं. वजन पायाला टेकून अडकलं होतं. पायावर पोचा आला, गिअर वाचले. आपल्या भागात जे कुणी असा माउंट घेतात त्यांनी अंधारात पहिल्यांदा वापरण्याआधी दिवसा एकदा दांडा हाताने सगळीकडे फिरवून बघावा.

यावर तयार उपाय म्हणजे डोक्याखाली वीसेक सेंटिमीटरची नळी जोडून माउंट उंच करायचा. दांड्याला जागा मिळते, पण डळमळ करायला आणखी एक सांधा वाढतो. मी तो घेतला नाही.

डिसेंबरात मी लोखंडी खांब करून घेतला. एका फॅब्रिकेटरकडे पाच इंची पाइप, वरती जाड प्लेट, खाली बोल्टने सुटे होणारे तीन आडवे पाय आणि पातळी साधायला प्रत्येकाच्या टोकाला स्क्रू. बावीस किलो झाला. दिसायला इतका भक्कम की मी मनातल्या मनात विषय संपवून टाकला होता. पहिल्या टिचकीला चित्र हललं ते थोडंच, पण बारीक, वेगाची थरथर तीन सेकंद टिकून राहिली. पाइपवर पान्याने टकटक केलं तर घंटेसारखा नाद घुमत होता. लोखंड कडक असतं, पण हादरा जिरवत नाही. मग पाइपमध्ये सुकवलेली, चाळलेली वाळू भरली. जवळजवळ सोळा किलो मावली. पुन्हा पान्याने वाजवलं, नुसता ठप्प असा आवाज. टिचकीनंतर एक सेकंदही लागेना. वाळूचे कण एकमेकांवर घासले जातात आणि हादऱ्याची ऊर्जा त्या घर्षणात संपते.

आता खांब अडतीस किलोचा झाला होता. मुलगी आणि मी मिळून तो जिन्यावरून वर नेला तेव्हा मधल्या जिन्यात दोनदा टेकवला, आणि तिच्या बोटाचं सालपट निघालं. गाडीत तो बसतो, पण मग मागची सीट पाडावी लागते. मला हवं होतं ते वेगळं. शुक्रवारी कामावरून आल्यावर अर्ध्या तासात निघता आलं पाहिजे, गाडीपासून दोनशे पावलं एकटीने उचलून नेता आलं पाहिजे, आणि आजोबांच्या हाताखाली चित्र थांबलं पाहिजे. खांबाने शेवटची अट पूर्ण केली, पहिल्या दोन मोडल्या. आता तो माझ्या एका मैत्रिणीच्या शेतघरावर कायमचा उभा आहे आणि तिथे छान काम देतो.

कार्बन फायबरचे ट्रायपॉडही बघितले. हलके, कडक, चांगले आहेत, पण पंचवीस किलो भाराला पुरणारा घ्यायचा तर माझ्या माउंटच्या किमतीच्या निम्मे पैसे पायांतच जात होते.

संक्रांतीला दादाकडे गेले होते. दादा सिव्हिल इंजिनिअर, त्याची बांधकामाची कामं चालतात. तिळगूळ घेताना माझं हेच पुराण चालू होतं. तो म्हणाला, "अगं, थिओडोलाइटचा घोडा चालेल का तुला? गोडाऊनमध्ये पडलाय. आता टोटल स्टेशनला पोरं ॲल्युमिनिअमचा नेतात, हलका पडतो म्हणून."

थिओडोलाइट म्हणजे जमीन मोजताना कोन वाचणारं यंत्र, घोडा म्हणजे त्याची लाकडी तिपाई, आणि टोटल स्टेशन म्हणजे त्या यंत्राचा आजचा इलेक्ट्रॉनिक अवतार. दुसऱ्याच दिवशी मी गोडाऊनमध्ये. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांमागे तो उभा होता, पिवळा रंग उडालेला, पट्टा तुटलेला. बाहेर उजेडात आणून पाय उघडले आणि बघतच राहिले. यातला एकेक पाय एका नळीचा नसतो. दोन समांतर लाकडी पट्ट्या, त्यांच्यामध्ये सरकणारी तिसरी, आणि वर डोक्याला जोडताना त्या दोन पट्ट्या एकमेकींपासून हातभर नाही तरी चांगलं चार बोटं अंतर राखून जोडलेल्या. बिजागरी रुंद. दोन्ही हातांनी डोकं धरून पिळलं. काही नाही. आणखी जोर लावला तर तिन्ही पायांसकट अख्खा घोडाच मातीत घसरला, डोकं मात्र पायांवर फिरलं नाही. जमीन मोजणारं यंत्र विकलांमध्ये कोन वाचतं, तेव्हा त्याच्या पायाला पीळ पडून चालणारच नाही. माझी गरज आणि मोजणीदाराची गरज एकच होती, आणि ती या लोकांनी कितीतरी आधीपासून सोडवून ठेवली होती. पायांच्या टोकाला लोखंडी टोकदार बूट, बाजूला पावलाने दाबायची पट्टी. पाऊल ठेवून भार दिला की टोक मुरमात रुतून बसतं.

"ने," दादा म्हणाला. "फक्त मधला स्क्रू हरवू नकोस, तो आता मिळत नाही."

एका पायाची सरकती पट्टी खालून चिरली होती. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर सुतारमामांचं दुकान आहे. त्यांनी चीर बघितली, नखाने लाकूड उकरलं, वास घेतला. मी विचारलं, "मामा, यात लोखंडी पट्टी घालून बोल्ट मारला तर?" ते नाही म्हणाले.

"ताई, कुऱ्हाडीला दांडा बाभळीचा का घालतात? लोखंडाचा घातला तर पहिल्याच घावाला हाताला झिणझिण्या येतील. लाकूड मार खातं, पुढं पाठवत नाही. तुम्हाला हलणं नको आहे ना? मग लाकडाच्या जागी लाकूडच पाहिजे."

मी आठवडाभर वाचून जे समजून घेत होते ते त्यांनी कुऱ्हाडीच्या दांड्यात सांगितलं. लाकडाच्या तंतूंमध्ये आतल्या आत घर्षण होतं आणि कंप तिथेच जिरतो. तेवढ्याच कडकपणाच्या धातूत तो कितीतरी वेळ फिरत राहतो. मामांकडे जुन्या दाराच्या चौकटीतला साग पडला होता, चांगला मुरलेला, सरळ रेघांचा. त्यातूनच त्यांनी पट्टी काढली. रंधा मारून झाल्यावर ती जुन्या पट्टीशेजारी धरून डोळ्याजवळ नेली, एक डोळा मिटून लांबवर बघितलं, पुन्हा दोन हात रंधा मारला. खालचा लोखंडी बूट जुन्या पट्टीवरून काढून नवीवर चढवताना म्हणाले, "सागात तेल असतं, गोंद लगेच धरत नाही. आधी पुसून घ्यावा लागतो." थिनरचा बोळा फिरवून मगच त्यांनी गोंद लावला आणि वरून आरपार दोन रिव्हेटही मारले. पैसे घेताना विचारलं, "यावरून शनी दिसेल का?" दिसेल म्हटलं, आणि तो मी त्यांना नंतर दाखवलाही.

आता माउंट आणि घोडा एकमेकांना जोडायचे होते. घोड्याचं डोकं सपाट, मध्ये मोठं भोक, आणि त्यातून खालून वर येणारा पाच अष्टमांश इंची स्क्रू. जगभर मोजणीच्या बहुतेक यंत्रांना हाच आटा असतो. माउंटला खाली वेगळाच बोल्ट आणि मध्ये गोल बसकण लागते. नऱ्हे-धायरी भागातल्या एका लेथवाल्याकडे १२ मिलिमीटर जाड ॲल्युमिनिअमची गोल तबकडी कापून घेतली, तिच्यात माउंटच्या मापाचा खोलगट घेर, आणि घोड्याच्या डोक्याला ती तीन बाजूंनी बोल्टने आवळायची सोय केली. तबकडी माझीच असल्यामुळे दिशा जुळवायची खुंटी कुठे बसवायची हेही माझ्या हातात आलं. मी ती दोन पायांच्या बरोबर मध्ये बसवली. म्हणजे उत्तरेला एक पाय येण्याऐवजी दोन पाय येतात आणि वजनांचा दांडा त्यांच्यामधून मोकळा जातो. ठक् आवाज त्या दिवसापासून बंद.

यात एक काळजी मात्र घ्यावी लागते. आपल्या अक्षांशावर माउंटचं डोकं उत्तरेकडे पुढे आलेलं असतं, आणि दोन पायांच्या मधल्या बाजूला कलंडायला जागा कमी असते. म्हणून पाय मी नेहमी चांगले रुंद पसरते, आणि नळी चढवण्याआधी वजनं लावते. पहिल्यांदा तर माउंटच्या जागी तांदळाचा पंचवीस किलोचा कट्टा ठेवून रात्रभर घोडा घरात उभा ठेवला. सकाळी एकही खूण सरकली नव्हती.

फेब्रुवारीत गच्चीवर चाचणी. टोकदार बूट फरशीवर घसरतात आणि गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला भोकं पडली असती तर सेक्रेटरींनी रास्तच तक्रार केली असती. चप्पल दुरुस्त करणाऱ्या काकांकडून सोलचं जाड रबर आणलं, त्याचे तीन गोल कापून मध्ये खळगा केला, आणि पाय पसरू नयेत म्हणून तिन्ही बुटांना साखळीचा त्रिकोण बांधला. टिचकी मारली. मुलगी म्हणाली, "दोन." पुन्हा मारली. "पावणेदोन."

पण मुलगी चालत पाणी प्यायला गेली की चित्र हलायचं. हा दोष पायांचा नव्हता. स्लॅब मधोमध झुलतो, माणूस चालला तरी झुलतो, आणि पाण्याचा पंप चालू झाला की सगळी गच्चीच बारीक गुरगुरते. दुर्बीण मधून उचलून कोपऱ्यात, जिथे खालून कॉलम वर येतो तिथे नेली. फरक लगेच कळला. आता गच्चीवर माझी जागा ठरलेली आहे.

आजोबांना मी निरोप पाठवला नाही, स्वतः जाऊन घेऊन आले. खुर्ची मागवली, आयपीस त्यांच्या डोळ्याच्या उंचीला आणला. त्यांनी पुन्हा नळीला हात टेकला. मी काही बोलले नाही. बराच वेळ ते बघत होते, मग डोळा न काढता म्हणाले, "यावर दोन तपकिरी पट्टे आहेत, एक जरा जाड आहे. बरोबर?"

मी त्यांना पट्ट्यांबद्दल काहीच सांगितलं नव्हतं.

त्यानंतरच्या थंडीत हा घोडा पुष्कळ फिरला. सगळ्यांत लांबची रात्र तोरण्याच्या पायथ्याच्या भागात, मावशीच्या अंगणात काढली. ४ जानेवारी २०२५, शनिवार. गुरूची प्रतियुती, म्हणजे पृथ्वीवरून तो सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला येणं, महिनाभरापूर्वी, ७ डिसेंबरला होऊन गेली होती, तो वृषभेत रोहिणीच्या जवळ होता आणि दहाच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर येणार होता. घोडा खांद्यावर टाकला, मामांनी नवा पट्टा लावून दिलाय. सात किलो. दुसऱ्या खेपेला माउंट, तिसऱ्या खेपेला नळी आणि वजनं. कुणालाही हाक मारावी लागली नाही.

अंगण सारवलेलं होतं. बूट पावलाने दाबले तर वरची खपली फुटून खाली भुसभुशीत लागलं. मी आणखी दाबले, तरी मनात धाकधूक राहिली. पायांमधलं अंतर मीटरभर धरलं तर एक पाय फक्त एक मिलिमीटर खचला तरी माउंट साडेतीन-चार कला कलतो. म्हणजे गुरूच्या चार-पाच बिंबांएवढं. आणि जमीन एकदम खचत नाही, भाराखाली हळूहळू दबते. ध्रुवतारा साधून तासाभराने तपासला तर खरंच सरकला होता. पुन्हा साधला. त्यानंतर पहाटेपर्यंत तो जागचा हलला नाही, माती दबायची तेवढी दबून झाली होती. आता मी मातीवर आल्या आल्या आधी घोडा उभा करते, सगळा भार चढवते, मग चहा घेते, आणि ध्रुव साधायचं काम शेवटी.

मावशी पहाटे चारला उठते. शाल गुंडाळून आली, पाटावर बसली, आणि मी काही सांगायच्या आत फोकसच्या नॉबला हात घालून बघायला लागली. मंगळ होता दुर्बिणीत, पश्चिमेकडे कललेला. "लाल नाही गं तेवढा," म्हणाली. "पिवळसर आहे. आणि वर पांढरं काय आहे टोपीसारखं?" ध्रुवावरचं बर्फ म्हटलं. तिने पुन्हा डोळा लावला आणि उजाडायला लागेपर्यंत मला जागा दिली नाही.

सकाळी घोडा उचलला तेव्हा अंगणात तीन खोल भोकं पडलेली. मी माफी मागायला लागले तर मावशीने शेणाचा गोळा आणून ती लिंपायला घेतली होती. काका ओसरीवरून बघत होते. ते म्हणाले, "थांब, बुजवू नको." परड्यातून तीन चपटे दगड आणले, भोकं पहारीने मोठी करून खाली मुरूम ठोकला, दगड बसवले आणि त्यांच्यावरून स्वतः उभे राहून एकेकावर भार देऊन बघितला. मग माझ्याकडून घोडा घेतला, तिन्ही बूट दगडांवर टेकवले, आणि छिन्नीने प्रत्येक दगडात टोक बसेल एवढा खळगा करायला सुरुवात केली.